गालावरची सावली

लेकीने पिशवी खिडकीच्या उजेडात धरली. तिच्यावर छापलेल्या चित्रात निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंच्या गालावरची सावली पुन्हा काळीकुट्ट झाली होती आणि कपाळ कोरंच राहिलं होतं.

"बाईंना दाढी फुटली की हो, बाबा."

बाबा हसले नाहीत. शाई ओढायची रबरी पट्टी, स्क्वीजी, पुसत म्हणाले, "शाई पातळ झालीय. फिल्मला काही झालेलं नाही. बघून लावलीय मी."

फिल्मवरचे कपाळाचे ठिपके छपाईच्या जाळीवर, स्क्रीनवर, उतरलेच नव्हते, तरी त्यांना कळलं नव्हतं. हल्ली नजर उणावल्यापासून ते फिल्म बोटांनीच चाचपत. सुईच्या टोकाएवढे ठिपके ही त्यांची जन्माची ऐट. एकाच काळ्या शाईत चेहरा उजळवायचे. कागदावर ते खपून गेलं. पिशवीच्या कापडाला मात्र जाड जाळी लागे, आणि तिच्यात बारीक ठिपके कुठे गळत, कुठे एकमेकांत मिसळत.

"ही ऑर्डर परत आली तर बास," दादा काल म्हणाला होता. "बाबांना घरी बसवू. तुझीही सुटका होईल."

बाळ पिशव्यांच्या खोक्यात झोपलं होतं. तिचेही डोळे मिटायला आले होते. पण बाबा घरी बसून हातांचं काय करणार, हे तिला कळेना.

ते चहाला गेले, तशी ती संगणकापुढे बसली. ठिपके दुप्पट मोठे केले. जाळीच्या धाग्यांशी गुंतून कापडावर लाटा उठू नयेत म्हणून त्यांच्या ओळी तिरक्या केल्या. नवी फिल्म काढून टेबलावर ठेवली, जुनी खोक्यामागे सरकवली.

बाबांनी आल्यावर टेबलावरच्या फिल्मवरून नवी स्क्रीन केली. धुतल्यावर ती खिडकीशी धरून त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग पिशवीवर शाईचा एक हात ओढला. जवळून नुसते ठिपके. दोन पावलं मागे सरकल्यावर बाई हसत होत्या. गालावर सावली होती, सावलीएवढीच.

"बघा," ती घाईने म्हणाली, "शाईच पातळ होती."

बाबांनी पिशवी वाळत घातली. बाळाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"शाई तीच आहे," ते म्हणाले. "पुढच्या वेळेला ठिपके अजून थोडे मोठे टाक."