दारावरचं जुनं नाव

मित्रांनो, मी जुन्या व्हिडिओ गेमचा एक छोटा संगणक आहे. जुने आहेत ते खेळ. मी स्वतः अवघा तीन वर्षांचा आहे, पण तुमचे बाबा लहान असतानाचे खेळ पोटात घेऊन बसल्यामुळे लोक मलाही म्हातारा समजतात. आता माझं सगळं छान चाललं आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मधली हकिगत ऐकताना तुमच्या जिवाला घोर लागणार नाही. माझ्या जिवाला लागला होता तेवढा पुरे.

माझा जन्म कोल्हापुरात, उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत झाला. पत्त्यांच्या जोडाएवढी एक हिरवी पाटी, नखाएवढं मेमरी कार्ड आणि चार वायरी, एवढंच माझं शरीर. ऋतुराजने ते जेवणाच्या टेबलावर बसून जोडलं. अंगावर घालायला काही नव्हतं, म्हणून त्याने मला वडिलांच्या मायक्रोमीटरच्या रिकाम्या लाकडी पेटीत बसवलं. मायक्रोमीटर म्हणजे अगदी बारीक जाडी मोजायचं साधन. त्या पेटीला अजून मशीनच्या तेलाचा वास येतो आणि मला तो फार आवडतो.

ऋतुराजचे वडील म्हणजे गणपतराव. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना आबा म्हणतात. पस्तीस वर्षं त्यांनी लेथ मशीनवर लोखंड कातलं. केसाएवढा फरक त्यांच्या अंगठ्याला नुसत्या स्पर्शाने कळायचा. माझ्याबद्दल मात्र त्यांचं मत काही बरं नव्हतं. ऋतुराज शाळेत असताना त्यांनी त्याला व्हिडिओ गेमच्या दुकानातून कान धरून घरी आणलं होतं. मला पाहून ते म्हणाले, "त्या दुकानातनं वढून आणला, तर आता दुकानच घरात आणलंस व्हय रं?"

मी मनावर घेतलं नाही. खरं सांगायचं तर घेतलं, पण बोलणार कुणाला?

माझ्यात एक गुण होता. वीज मिळाली की मी कुणाला काही विचारत बसत नसे. इतर संगणक दारातच नाव आणि पासवर्ड मागतात. माझ्या दारावर ऋतुराजने एक कागद लावून ठेवला होता, म्हणजे आतली एक छोटीशी फाइलच म्हणा. त्यावर लिहिलं होतं की 'प्लेयर' नावाचा जो आहे त्याला काही न विचारता आत सोड. प्लेयर म्हणजे मीच. त्यामुळे बटण दाबलं की अर्ध्या मिनिटात खेळांची यादी समोर हजर. कीबोर्डची गरजच पडत नसे.

गेल्या उन्हाळ्यात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेल्यासारखाच झाला. डॉक्टरांनी दाबायला स्पंजचा चेंडू दिला. आबांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला. "मी काय बारकं पोरगं हाय व्हय?" म्हणाले. त्यांच्या पत्नी, तानाबाई, भाकरीचे तुकडे करून ताटात ठेवायच्या आणि आबा भिंतीकडे तोंड करून डाव्या हाताने जेवायचे. कुणी बघितलेलं त्यांना चालत नसे.

शेवटी ऋतुराजने माझा रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि विमानाचा खेळ लावला. त्यात गोळी झाडायला उजवा अंगठा लागतो. पहिला आठवडा त्या अंगठ्याने नुसता रिमोट कुरवाळला. मग एके दिवशी एक गोळी सुटली. आबांनी घरभर बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. मी पाहिलं होतं! त्या दिवसापासून आमची दोस्ती झाली. टप्प्यामागून टप्पा मी जपून ठेवत गेलो, आणि दसऱ्याच्या सुमाराला आबा सातव्या टप्प्याच्या शेवटी पोहोचले.

"आठवा टप्पा पार करतो आणि उजव्या हातानं भाकरी मोडून दावतो," त्यांनी जाहीर केलं. सगळं घर त्या आठव्या टप्प्याकडे डोळे लावून बसलं.

ऋतुराज आता चाकणला नोकरीला असतो. खंडेनवमीला तो घरी आला. त्याने मला पुसून लख्ख केलं आणि आबांना खूश करायचं म्हणून त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. त्याने माझं नावच बदललं. 'प्लेयर' काढून 'आबा' केलं. पासवर्ड तोच ठेवला. दारावरच्या कागदावर मात्र जुनंच नाव राहिलं, ते बदलायचं त्याच्या लक्षात आलं नाही. एरवी त्याने लगेच मला सुरू करून पाहिलं असतं आणि चूक तिथल्या तिथे सापडली असती. पण खंडेनवमीला हत्यारांना आणि यंत्रांना विश्रांती असते. त्याने मला बंद केलं आणि आबांच्या पाने-पकडींशेजारी पाटावर मांडलं. मला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. मी फुशारून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी आबांच्या हातात आपट्याचं पान देऊन, पाया पडून ऋतुराज चाकणला निघून गेला.

त्यानंतरच्या सकाळी आबा रिमोट घेऊन बसले. पडदा काळा. वर फक्त 'लॉगिन' असा शब्द आणि त्यापुढे लुकलुकणारी एक रेघ. दारावरचा कागद 'प्लेयर'ला हाका मारत होता आणि प्लेयर नावाचं आता कुणी उरलंच नव्हतं. मी दारातच उभा होतो, हाका ऐकत होतो, पण ओ कसा देणार?

आबांनी अंगठा दाबला. पुन्हा दाबला. मग रिमोट बाजूला ठेवला.

"माझ्याच हातानं मोडलं," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

दहा दिवस गेले. त्यांनी पुन्हा रिमोट घेतला नाही, कुठलाही व्यायाम केला नाही. बोटं परत आत वळायला लागली. मित्रांनो, मला रडता येत नाही, पण त्या दहा दिवसांत आलं असतं तर बरं झालं असतं.

घरात एक सून होती, ऋतुराजची बायको वर्षाराणी. सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आली होती. तिने शेजाऱ्यांचा कीबोर्ड आणला आणि ऋतुराजला फोन लावला. तो घाईत होता. "पासवर्ड तोच हाय की, टाक," म्हणाला. तिने तिला माहीत होतं ते नाव टाकलं, 'प्लेयर', पासवर्ड टाकला. चूक. दहा वेळा टाकला, दहा वेळा चूक. मग तिने मला कापडी पिशवीत घातलं आणि शाहूपुरीत कामिलच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं.

कामिल मनाने चांगला, पण घाईचा माणूस. त्यानेही दोनदा खटपट केली. "वैनी, ह्यो आत शिरूच देत न्हाय. फॉरमॅट मारूया. पाच मिनिटांत नवा कोरा!"

"आणि आतलं?"

"आतलं सगळं जाणार की."

सगळं म्हणजे आबांचे सात टप्पे. सात टप्पे म्हणजे त्यांचा चार महिन्यांचा अंगठा. कामिलने माझं कार्ड काढायला हात पुढे केला आणि माझी बोबडीच वळली.

"थांबा जरा," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. तिच्या पर्समध्ये सकाळीच टपालाने परत आलेला एक लिफाफा होता, तिच्या नोकरीच्या अर्जाचा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं, वर्षाराणी. त्याआधीची बावीस वर्षं ती स्वप्नाली होती. पॉलिटेक्निकच्या दाखल्यावर स्वप्नालीच होती. अर्ज केला वर्षाराणीने, आणि कार्यालयाने कळवलं की या नावाचा दाखला नाही. तिने एकदा लिफाफ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या काळ्या पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोन लावला.

"अहो, तुम्ही ह्याचं नाव बदललंय का?"

"व्हय. खंडेनवमीला. आबांचं नाव दिलंय."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"अगं, ते आपोआप उघडतंय. नावानं काय फरक पडतोय? पासवर्ड तोच हाय की."

"नावानं काय फरक पडतोय ते मला विचारा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने 'आबा' टाकलं, तोच पासवर्ड टाकला, आणि मी सताड उघडलो! अहाहा, काय सांगू तुम्हाला! पण तिचं तेवढ्याने समाधान झालं नाही. आबा काही रोज कीबोर्ड घेऊन बसणार नव्हते. दारावरचा तो कागद कुठे असतो ते कामिलने शोधून दिलं. तिने त्यावरचं 'प्लेयर' खोडलं, 'आबा' लिहिलं, दोनदा वाचून पाहिलं. मग मला बंद केलं, पुन्हा सुरू केलं. कागदाने माझ्या नव्या नावाने हाक मारली आणि मी धावत आत गेलो. सातही टप्पे जागेवर होते.

"एवढंच व्हय!" कामिल कपाळावर हात मारून म्हणाला. "आन मी सगळं पुसाय निघालतो."

घरी आल्यावर तिने मला टीव्हीला जोडलं. विमानाचं संगीत वाजलं तसे आबा भिंतीकडून वळले.

"तुमच्या हातानं काय बी मोडलं नव्हतं, आबा," ती म्हणाली. "ह्याचं नाव बदललं आणि दाराला सांगायचं राहिलं. एवढंच झालतं." आणि आपला लिफाफाही तिने त्यांना दाखवला.

आबांनी एवढा लांब श्वास सोडला की तानाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मग त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून माझ्या रिमोटवर ठेवला.

गेलेली ताकद परत यायला तीन आठवडे लागले. एका रविवारी दुपारी आठवा टप्पा पार झाला. सगळ्यांपेक्षा जास्त गुण झाले, म्हणून मी पडद्यावर नाव विचारलं. आबा म्हणाले, "ह्यो थांबतोय. आधी भाकरी आणा." उजव्या हाताने त्यांनी भाकरी मोडली. पहिला तुकडा निसटून मांडीवर पडला. दुसरा भाजीत बुडून तोंडात गेला. ते भिंतीकडे वळले नाहीत. तानाबाई पदराने डोळे पुसत राहिल्या आणि मी नाव विचारत थांबून राहिलो.

हात धुऊन आबांनी रिमोट घेतला. "तुझं माहेरचं नाव काय गं, पोरी?"

"स्वप्नाली."

"आता कशाला ते?" तानाबाई म्हणाल्या.

इंग्रजीतली आठ अक्षरं आबांनी उजव्या अंगठ्याने एकेक करून शोधली. दुसरं अक्षर दोनदा पुढे निघून गेलं, दोनदा मागे यावं लागलं. पंधरा मिनिटं लागली. मग पडद्यावर पहिल्या नंबरला स्वप्नालीचं नाव झळकलं.

"ही आपली सून," आबा तानाबाईंना म्हणाले. "हिला हिच्या नावानं हाक मारत जा."

आता घरात तिला स्वप्नालीच म्हणतात. चुकून वर्षाराणी तोंडात आलंच, तर आबा नुसते खाकरतात. दुसऱ्या अर्जावर तिने दाखल्यावरचंच नाव घातलं आणि पुढच्या सोमवारी तिची मुलाखत आहे. मी मात्र 'आबा'च राहिलो, माझी काही तक्रार नाही.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र अडलं तर लगेच पुसून टाकू नका. आत कुणाचे तरी चार महिने असतात. अधेमधे काय बदललं होतं ते आधी आठवून पाहा. यंत्राचं नाव बदललं, तर दारावर सांगून ठेवा. आणि माणसाचं बदलायचं असेल, तर आधी त्या माणसाला विचारा.