हंस का उडेना

महाराजांच्या दारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मागच्या बाजूला खोलीएवढा चौक, चारी बाजूंनी उंच भिंती, वर छप्पर नाही. आत पांढराशुभ्र हंस.

महाराजांनी त्याचा पंख ताणून दाखवला. "बघा, एक पीस कापलेलं नाही. दोरी नाही, जाळी नाही. आभाळ उघडं, तरी हा जात नाही. मंत्रानं बांधलाय. ह्याच्यात मिस्त्रींच्या लेकीचा प्राण ठेवलाय. हा इथं, तोवर ती इथं. आता त्या सुया कशाला?"

मिस्त्री गवंडीकाम करायचा. लेकीला साखरेचा आजार. रोज इन्सुलिन टोचताना ती ओठ चावायची, ते त्याला बघवत नसे.

"महाराज, ह्याला एकदा मोकळ्या माळावर सोडून दाखवा की," गर्दीतून गुरांची डॉक्टरीण म्हणाली.

"बाई, तुम्ही गायी-म्हशींच्या," मिस्त्रीच फणकारला. "माणसाच्या जिवातलं तुम्हाला काय कळतंय?"

लोक हसले.

"नसेल कळत. पण पोरीची सुई थांबवू नका, मिस्त्री. पाया पडते."

त्यानं थांबवली.

पोर पाणी पाणी करू लागली. मग उलट्या, मग धाप. "बाबा, हंस आहे ना?" तो धावत जाऊन बघून यायचा. "आहे गं बाळा, दाणे टिपतोय." दवाखाना त्याच रस्त्यावर होता. त्याच्यावरूनच तो धावायचा.

एका सकाळी ती गेली.

तिला माती देऊन तो थेट चौकात शिरला. हंस चोचीनं पिसं साफ करत होता. मिस्त्रीनं त्याला कवेत उचललं. चांगलाच जड होता. लेक शेवटी किती हलकी झाली होती.

तो माळाकडे निघाला तशी महाराजांसकट सगळी गर्दी मागोमाग आली. माळावर सोडताच हंस पंख झोडपत पळाला, लांबवर पळाला, आणि हवेत उचलला गेला.

"पाहिलंत?" महाराज गरजले. "बंधन तोडलंत, पोरीचा प्राण घालवलात."

"ती सकाळीच गेली, महाराज. तेव्हा हा तुमच्याच चौकात होता."

डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली, "चिमणी हलकी, बसल्या जागेवरून उडते. ह्याचे पंख मोठे, पण एवढं वजन जागच्या जागी उचलायला पुरत नाहीत. आधी पळून वेग घ्यावा लागतो, मग हवा पेलते. चौकात पळायला जागा नव्हती. एवढाच मंत्र."

"मग तेव्हाच का नाही..." मिस्त्री अडखळला. ती तेव्हाच बोलली होती.

गर्दीत एक बाई तापानं फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन उभी होती. मिस्त्री तिच्यापाशी गेला.

"ताई, चमत्कार दिसला की विचारायचं, दुसऱ्या जागी करून दाखवता का? मी विचारलं नाही. जी विचारत होती तिलाही गप्प केलं. चला, दवाखाना जवळच आहे. मी येतो बरोबर."