चांद्याचा डबा

मी पत्र्याचा एक जुना डबा आहे, मित्रांनो. अंगावर कधीकाळी गुलाबाची फुलं रंगवलेली होती, आता त्यातलं एक पान तेवढं शिल्लक आहे. झाकण एका बाजूनं दबलेलं आहे. ते कसं दबलं, तेच सांगायला बसलोय. सांगितल्यावाचून मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म हैदराबादच्या एका कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, डाग दिला, रंग मारला आणि पोटात बिस्किटं भरून मला ट्रकमध्ये टाकलं. उतरलो तो बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटला, शिवलिंगप्पांच्या किराणा दुकानात. गाव त्यांना नुसतं अप्पा म्हणायचं. बिस्किटं संपली, तेव्हा अप्पांच्या घरच्या उमाबाईंनी मला राखेनं घासून उन्हात पालथा घातला. पुढं काही वर्षं शेंगदाणे सांभाळले, काही वर्षं खोबरं. मग चांद्या आला आणि मी चांद्याचा झालो.

चांद्या म्हणजे काळं कुत्रं, कपाळावर पांढरा ठिपका. अप्पांचा एकुलता एक मुलगा रुद्रेश बीडला नोकरीला लागून तिकडंच राहिला, तेव्हा मोकळ्या पडलेल्या घरात हा शिरला आणि उमाबाईंच्या पायाशी बसला, तो बसलाच. उमाबाई उरलेली भाकरी कडक उन्हात वाळवायच्या, तुकडे करायच्या आणि माझ्यात भरायच्या. कांद्याचं कालवण लागलेला तुकडा बाजूला काढायच्या. "जनावराला कांदा सोसत न्हाई," म्हणायच्या. गोडधोड नाही, चहात बुडवलेलं नाही. माझं झाकण टक्कन वाजलं की चांद्या असेल तिथून सुसाट यायचा. मित्रांनो, एका डब्याला आणखी काय पाहिजे? माझ्या आवाजावर कुणीतरी धावत येत होतं, यातच मी खूष होतो.

आता अप्पांची एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. जिभेवर घेतल्याशिवाय अप्पा कुठलाच माल दुकानात घेत नसत. ज्वारी दाताखाली फोडून बघायची. शेंगदाणा चावून खवटपणा शोधायचा. गुळाचा खडा तोंडात धरून डोळे मिटायचे, आणि मग व्यापाऱ्याकडं बघून हो किंवा नाही म्हणायचं. पंचक्रोशीतली माणसं डोळे झाकून माल न्यायची. अप्पांनी चाखलंय म्हटल्यावर पुन्हा कोण बघतंय.

एकोणीसशे शहाण्णव सालचा उन्हाळा तोंडावर आला होता. दुकानात नव्या नव्या वस्तू येत होत्या. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या, समोर एसटीडीचं पिवळं खोकं लागलं होतं. सुनेच्या बाळंतपणाला उमाबाई महिन्यासाठी बीडला निघाल्या. जाताना मला काठोकाठ भरलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अवं, मी तुमच्या भरवशावर ठिवून चाललेय त्याला. ध्यान ऱ्हाऊ द्या."

"आगं, तू जा बिनघोर," अप्पा म्हणाले.

वीस दिवसांत मी रिकामा झालो. अप्पांना भाकरी थापता येत नव्हती, ते स्वतःच खानावळीत जेवत होते. चांद्या माझ्यापाशी येऊन नाक घासायचा आणि परत जायचा. नेमका त्याच आठवड्यात शहरातून एक विक्रेता आला. त्यानं गल्ल्याजवळच्या फळीवर चकचकीत पुडे मांडले. आत पांढरीशुभ्र हाडं, दोन्ही टोकांना गाठी. पुड्यावर सोनेरी केसांच्या कुत्र्याचं चित्र. दुसरं काही लिहिलेलं नाही.

अप्पांच्या गळ्यात लिंग होतं, घरात मांसमच्छी वर्ज्य. त्यांनी पुड्याला हातसुद्धा लावला नाही. "हाडबिड आपल्या दुकानात चालत न्हाई."

"नावालाच हाड हाय, अप्पा. बिस्किटावानीच असतंय. आता बाहेरदेशी कुत्री हेच खातात, दात साफ राहतात," तो म्हणाला.

"म्हंजे शाकाहारी?"

"एकदम."

एवढ्यावर अप्पांनी पुडे घेतले. चाखले नाहीत. माणसाच्या तोंडी जाणारा एकेक दाणा चावून बघणाऱ्या माणसानं हा माल नुसता विचारून घेतला. कुत्र्याचं खाणं जिभेवर कोण घेतं? मीही त्यांना दोष दिला नसता, पण ती हाडं माझ्या पोटात पडली आणि मला वास आला. चुन्याचा वास. त्याच्याखाली दुसरा एक, कातडं कमावतात तिथला. माझा जन्म झाला त्या कारखान्याच्या मागंच कातडी वाळत पडायची. तो वास मी विसरणार होतो होय?

मी डबा. ओरडून सांगणार कसा? माझ्या हातात एकच होतं. मी झाकण घट्ट धरून बसलो. अप्पांनी ओढून बघितलं, ठोकून बघितलं, शेवटी उलथन्याचा दांडा घालून उचकटलं. तेव्हापासून मी असा दबलेला आहे. झाकण टक्कन वाजलं आणि चांद्या सुसाट आला. मित्रांनो, त्या आवाजाची मला तेव्हापासून चीड आहे.

पहिले काही दिवस काही झालं नाही. चांद्या तासन्‌तास चघळत बसायचा, अप्पा खूष. मग उमाबाई परत यायच्या होत्या त्याच दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, चघळून मऊ झालेली अख्खी गाठ त्यानं गिळली. ती घशात बसली. तो मान ताणायला लागला, पंजानं तोंड ओरबाडायला लागला, लाळेच्या तारा जमिनीपर्यंत आल्या. अप्पांनी त्याला धरून तांब्यानं पाणी पाजलं. त्यानं आणखी वाईट झालं, म्हणून आणखी एक तांब्या पाजला. चांद्याची जीभ निळी पडायला लागली.

अप्पांनी त्याला उचललं, दुकान उघडं टाकलं आणि पळत सुटले. पासष्ट वर्षांचा माणूस, पायात वहाण नाही. मला त्यांनी काखेत मारलं होतं. का, ते त्यांनाही ठाऊक नसावं. वाटेत त्यांचं एकच चाललं होतं, "दुपारच्या यष्टीनं ती येतेय रे. दुपारपर्यंत तरी ऱ्हा."

गुरांच्या दवाखान्यात सानप डॉक्टर होते. त्यांनी चांद्याचा घसा चाचपला आणि विचारलं, "काय खाल्लं यानं?"

अप्पांनी माझं झाकण काढून हाड दाखवलं.

"हे काय हाय?"

"बिस्कीट, डॉक्टर. म्हंजे, विकणारा म्हणला बिस्किटावानी."

डॉक्टरांनी वास घेतला, वाकवून बघितलं. "अप्पा, नीट ऐका. बिस्कीट असलं तर तेल-पाणी पाजून मी ते विरघळवतो. पण फुगणारं काही असलं तर पाण्यानंच ह्याचा जीव जाईल. चूक करायला सवड न्हाई. हे कशाचं हाय, सांगा."

कुणालाच ठाऊक नव्हतं. पुड्यावर कुत्र्याच्या चित्राशिवाय काही नव्हतं. चांद्याची बरगडी थांबून थांबून हलत होती. मी टेबलाच्या कडेला उघडा पडलो होतो आणि मला सगळं ठाऊक होतं. इतका निरुपयोगी मी आयुष्यात कधी नव्हतो.

अप्पांनी माझ्यात हात घातला. एक हाड काढलं आणि तोंडात घातलं.

जन्मात अंड्याला हात न लावलेला माणूस. कपाळावर सकाळची विभूती तशीच होती. त्यांनी ते दाढेखाली धरलं, डोळे मिटले, गुळाचा खडा चाखताना मिटायचे तसेच. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण ते चावत राहिले.

"आधी चुना लागतोय," ते म्हणाले. "मागून... चामडं. चामडं हाय हे, डॉक्टर. वहाणेचं असतंय, तसलंच."

"पाणी पाजलंत?"

"दोन तांबे."

डॉक्टरांनी चांद्याचा जबडा दोरीनं ताणून धरला, लांब चिमटा घशात घातला. एकदा निसटला. दुसऱ्यांदा निसटला. तिसऱ्यांदा फुगलेली, गाठ सुटून हातभर लांब झालेली पांढरी, बुळबुळीत पट्टी बाहेर आली. चांद्या खरखरत श्वास घ्यायला लागला.

अप्पा हौदापाशी जाऊन चूळ भरत राहिले. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "कुठल्या जनावराचं कातडं, कसं मेलेलं, कशात बुडवून पांढरं केलेलं, कुणी सांगावं? जे कशाचं हाय तेच माहीत न्हाई, ते त्याच्या तोंडी घालायचं कावून?"

अप्पांनी पुन्हा एकदा चूळ भरली.

दुपारी उमाबाई स्टँडवर उतरल्या, तेव्हा अप्पांनी तिथंच उभ्यानं सगळं सांगितलं, तोंडात घातल्याचंसुद्धा. त्यांना वाटलं होतं, त्या चिडतील, रडतील. उमाबाईंनी गाठोडं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बाकीची कुणाला दिली?"

चांद्याच्या नादात त्यांना हे सुचलंच नव्हतं. दोन घरी त्यांनी स्वतःच्या हातानं पुडे दिले होते.

मला सायकलच्या दांडीला बांधून ते तसेच निघाले. पहिलं घर वेशीजवळ अर्जुनरावांचं. त्यांच्या कुत्र्यानं हाड हुंगून सोडून दिलं होतं, ते दावणीत पडलेलं सापडलं. त्यांच्या बायकोनं, विमलबाईंनी, ते हसत हसत माझ्यात टाकलं. अप्पा हसले नाहीत. दुसरं घर आसारामचं, गावाबाहेर शेरडांच्या वाड्यापाशी. अप्पा उभ्यानं पायडल मारत होते आणि दर पायडलीला मी दांडीवर आपटत होतो.

आसाराम झाडाखाली बसला होता. शेजारी ताजी माती ओढलेली होती. चार पिल्लं, डोळे नुकते उघडलेली, रिकाम्या गोणपाटावर एकमेकांच्या अंगावर चढत होती.

"हरणी काल गेली, अप्पा," तो म्हणाला. "घशात कायतरी आडकलं. लई पाणी पाजलं."

अप्पा सायकल धरून उभे राहिले. त्यांना आठवलं. मलाही आठवलं, मी फळीवरच होतो. हरणी व्याली होती. बाळंतिणीला करतात तसा शिरा आपल्या कुत्रीला करायचा म्हणून आसाराम गूळ घ्यायला आला होता. शिरा कशाला, हे ने, नवं आलंय, असं अप्पाच म्हणाले होते.

"मी चाखलं नव्हतं, आसाराम," अप्पा म्हणाले. "सगळं चाखतो. तेवढंच चाखलं न्हाई."

आसारामनं गोणपाटावरून घसरलेलं एक पिल्लू उचलून परत ठेवलं. "मला तरी काय ठावं? तुमच्या दुकानचं, म्हणून म्या बघितलंसुदीक न्हाई. सरळ तिच्या तोंडात दिलं."

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. अप्पा मातीपाशी खाली बसले आणि हमसून हमसून रडले. आसारामनं त्यांना पाणी दिलं.

चांद्या वाचला, पण त्याचा आवाज कायमचा बसला. उरलेली हाडं अप्पांनी खड्ड्यात पुरली. मला उमाबाईंनी सात वेळा राखेनं घासलं, तरी महिनाभर माझ्या सांध्यांतून तो वास जात नव्हता.

आता माझ्यात पुन्हा वाळल्या भाकरीचे तुकडे असतात. भरायच्या आधी अप्पा त्यातला एक स्वतः चावून बघतात, गिऱ्हाईक हसलं तरी. पिल्लं चमच्यानं शेळीचं दूध पिऊन मोठी झाली. रोज सकाळी अप्पा मला सायकलला बांधून आसारामच्या वस्तीवर नेतात. झाकण टक्कन वाजतं आणि चौघं सुसाट येतात, हरणीसारखी लांब कानाची. एकही थांबून माझ्यात काय आहे ते बघत नाही.

मित्रांनो, मला दर सकाळी याचीच भीती वाटते. ती कधीच विचारणार नाहीत. तुम्ही विचारा.