मरळीनं पसंत केलेला खड्डा

महादेवरावच्या मांडीले नदीतल्या खड्ड्याच्या पान्यात कायतरी धडकलं, अन् तो असा बाहीर पळाला का लुंगी मांगं पान्यावरच तरंगत राह्यली.

"मगर हाय," म्हने. आमच्या वरूडकडच्या या नदीत मगर कोनी पाह्यली नोती, पन मांडीवरचं रगत पाहून आमीबी दोन पावलं मांगं सरलो.

उतरल्याबिगर इलाज नोता. वीस दिवसांपासून पावसानं दडी मारली होती. संत्र्याच्या नव्या कलमायनं माना टाकल्या होत्या. मोटारीच्या पाइपाचं पान्यातलं तोंड, म्हंजे फुटवाल, त्यात शेवाळ अडकेल, अन् बिजलीची लाईन चारच घंटे राहे. आज पानी नाई भेटलं तं बगीचा गेलाच.

नदीवर मासे धरनारी जयवंताबाई आली. खड्ड्यातलं गवत वाकून पाह्यलं तिनं.

"मगर कायची, मरळ मासोळी हाय. पिल्लं काढले. नर राखन करून राहिला."

"इथीच काहून काढले?"

"मंग कुठी काढन? तिले ठेहरेल पानी लागते, गवत लागते. तुमी मशीन लावून सारी नदी नालीवानी सरळ केली. गवत उरलं ते या एका खड्ड्यात."

खड्डा महादेवरावनंच मशीनवाल्याले दोनदा च्या पाजून, सोताच्या मोटारीसाठी खोदून घेतला होता.

मंग त्यानं पायायले बारदाना गुंडाळला अन् भेवाच्या भरात डोक्यात हेल्मेट घातलं. त्याची बायको मैनाबाई म्हने, ते पायाले चावते, डोक्याले नाई.

"राहू दे," म्हने तो.

कमरभर पान्यात त्यानं फुटवाल साफ केला, पिल्लं आत ओढल्या जाऊ नये म्हनून वरून जयवंतानं देल्लेली मच्छरदानी बांधली. मैनाबाईनं बटन दाबलं, मोटारीनं पानी उचललं. तेवढ्यात त्याच्या पायाजोळ पिल्लायचा लालसर ढग आला. मांगं काळी, हातभर लांब मासोळी.

"हालू नोका," जयवंता म्हने. "त्याले तुमी खोड वाटता. हालले का धरलंच."

महादेवराव खोड झाला. डोळे मिटले, श्वासबी चोरून घे. हेल्मेटातून घाम गळे. तिकडून मैनाबाईनं आवाज देल्ला, पानी तिसऱ्या ओळीत पोचलं.

घंट्याभरानं ते मासोळी पिल्लं घेऊन गवतात निंगून गेली. मी पाह्यलं. जयवंतानंबी पाह्यलं.

हेल्मेटातून बारीक आवाज आला, "गेलं काय वं?"

जयवंतानं गवताकडं पाह्यलं, मंग त्या सरळसोट नदीकडं.

"नाई," म्हने ती. "मोटार बंद होयेपर्यंत उभेच राहा. लाईन जायाले अजून तीन घंटे हायेत."