झमकूच्या मापाचा शिरटोप

मी एक जुना शिरटोप आहे, मित्रांनो. शिरटोप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पोलादी, लखलखीत असं काही आलं असेल, तर आधीच सांगून टाकतो, माझा जन्म गोडेतेलाच्या रिकाम्या पिप्यातून झाला. ऊन तापलं की आजही माझ्या अंगाला तेलाचा वास येतो. तोंडावर पत्र्याची झडप आहे, ती कुरकुरत उघडते. माथ्यावर लाल लोकरीचा तुरा होता, त्याचे थोडे धागे उरले आहेत. दारव्ह्याच्या बाजूला एका तांड्यात माझं घर आहे. तिथले लोक आता कापूस आणि सोयाबीन पिकवतात, पण त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. बैलांच्या त्या लांबलचक काफिल्याला तांड्यात लदेणी म्हणतात.

मला घडवलं धरमसिंगने. तो दारव्ह्याच्या बाजारात फुटक्या बादल्यांना आणि कंदिलांना डाख लावून द्यायचा. त्याची बायको भुरीबाई कापूस वेचायला जायची आणि वेचता वेचता बायांना गोष्टी सांगायची. झमकूची गोष्ट तिने स्वतःच्या मनाने रचली होती. झमकू म्हणजे लदेणीची राखण करणारी घोडेस्वार. लुटारूंनी तिचा बाप आणि भाऊ मारले, तेव्हा तिने बापाचा लोखंडी टोप डोक्यावर चढवला, झडप पाडली आणि ती लदेणीच्या मागे चालू लागली. पुढे नाही, मागे. पुढचा धोका सगळ्यांनाच दिसतो, पण मागे राहिलेला लंगडा बैल कुणाला दिसत नाही, असं तिला वाटायचं. बैल पाणी प्याल्याशिवाय ती घास घेत नसे. खाली पडलेल्या शत्रूवर ती हात उचलत नसे. आणि ती कुणाशी एक शब्दही बोलत नसे, कारण आवाज ऐकला की ही बाई आहे हे कळणार आणि तलवार काढून घेणार. शेवटी लदेणी सुखरूप मुक्कामाला पोचते, तेव्हा ती सगळ्यांदेखत टोप काढते आणि आपलं नाव सांगते. भुरीबाई इथवर आली की बायांचे हात बोंडांवरच थांबायचे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी तांड्यात नाटक व्हायचं. एका वर्षी धरमसिंग बायकोला म्हणाला, "औंदा तुह्या झमकूचंच नाटक करू. अन् झमकू तूच हो." भुरीबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तो दोरी घेऊन तिथेच तिच्या डोक्याचं माप घ्यायला बसला. त्या तांड्यातल्या लग्न झालेल्या बाईच्या दोन्ही कानशिलांवर, केसांत गुंफलेल्या चांदीच्या जड घुगऱ्या असतात. नवरा जिवंत आहे तोवर ती त्या उतरवत नाही. धरमसिंगने दोरी घुगऱ्यांवरूनच फिरवली आणि मला ठोकताना दोन्ही कानशिलांपाशी आतून दोन खोलगट फुगवटे काढले. भुरीबाईने मला डोक्यावर घातलं. मी असा नेमका बसलो, मित्रांनो, की माझं आयुष्य सार्थकी लागलं असं मला पहिल्याच दिवशी वाटलं.

पण तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, अमरसिंग यांच्या कानावर ही गोष्ट गेली. ते ओरडले नाहीत, शांतपणे म्हणाले, "तांड्याची सून चारचौघांत घुंगट उचलून उभी राहीन? हे नाई जमणार, धरमसिंग." धरमसिंग खाली पाहत राहिला. भुरीबाईने मला ओढणीने पुसलं आणि धाकट्या दिराच्या, हरिसिंगच्या हातात दिलं.

हरिसिंग उमदा गडी होता आणि नट म्हणून झकास होता, हे मी खुल्या मनाने सांगतो. पण घागरीत वाटी हलावी तसं त्याचं डोकं माझ्यात हलायचं. मग माझ्या फुगवट्यांत चिंध्या कोंबल्या गेल्या. "दादाचं माप चुकलं राजा," असं म्हणत तो हसायचा आणि तांडाही हसायचा. धरमसिंगने कधी खुलासा केला नाही. हरिसिंगला भरघोस मिशा होत्या, टोप काढला असता तर सगळी फजितीच. म्हणून शेवटचा प्रवेश गाळून टाकला. वर्षं गेली तशी झमकू हे नावही गळालं आणि नाटक 'टोपवाला सरदार' झालं. मला हात लावायला लहान पोरांची झुंबड उडायची, आजूबाजूच्या गावांतून लोक यायचे. माझं कौतुक होत होतं आणि झमकू मात्र पुसली जात होती.

पुढे डीजे आला आणि नाटक बंद पडलं. मी माळ्यावर गेलो. एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली. कुणी माझ्यात सोयाबीनचं बियाणं ठेवलं. माझ्या कडेला गंज चढला. मग धरमसिंग वारला. त्या दिवशी भुरीबाईच्या कानशिलांवरच्या घुगऱ्या उतरवल्या. उघड्या पडलेल्या त्या कानशिलांकडे पाहून माझ्या मनात आलं की आता हे डोकंही मला बसायचं नाही. मला फार वाईट वाटलं.

यंदा डीजेवर बंदी आली, तसं हरिसिंगच्या मुलाने, संजयने, जुनं नाटक उभं करायचं ठरवलं. पण होळीच्या उन्हात पत्र्याचा टोप घालून उभं राहायला एकही पोरगा तयार होईना. तेव्हा भुरीबाईची नात वर्षा पुढे आली. ती दारव्ह्याला कॉलेजात जाते. हरिसिंग आता म्हातारा झालाय, गुडघे धरून बसलेला असतो. तो म्हणाला, "होऊ दे पोट्टीले सरदार. टोपाच्या आत कोन हाय, कोनाले दिसते? फक्त टोप काढायचा नाई. सरदार टोप काढत नसते."

वर्षाने घरी येऊन मला डोक्यावर घातलं. मी हललो. ती चिंध्या शोधू लागली. "थांब," भुरीबाई म्हणाली. तिने पेटीतून आपल्या घुगऱ्या काढल्या, मऊ फडक्यात गुंडाळल्या आणि माझ्या दोन्ही फुगवट्यांत बसवल्या. मी पुन्हा नेमका बसलो.

वर्षा चकित झाली. "दादी, हे माप तुहं हाय?"

"माहं नाई. झमकूचं." मग भुरीबाईने तिला ती गोष्ट सांगितली, गाळलेल्या शेवटासकट. "टोप काढला नाई तं ते झमकू नाई बाई. मंग कोनीबी हाय."

नाटकाच्या दिवशी उन्हं कलल्यावर देवळापुढे तांडा जमला. वर्षाने काम असं केलं की हरिसिंगही मान डोलावू लागला. लदेणी मुक्कामाला पोचली. लोक उठायच्या बेतात असताना वर्षाने दोन्ही हातांनी मला उचललं. तिची वेणी पाठीवर पडली. सगळ्यांच्या नजरा अंगावर आल्या, तशी बिचारी पोर आपलं वाक्यच विसरली. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. समोरून कुणीतरी हसलं.

तेव्हा बायांच्या घोळक्यातून भुरीबाई उभी राहिली. घुंगट मागे पडला, तिने तो सावरला नाही.

"मी झमकू," ती मोठ्याने म्हणाली. "मी मागं होती, म्हणून तुमी पुढं गेले."

कुणी हसलं नाही. हरिसिंग काठी टेकत उठला, वर्षाकडे गेला आणि त्याने मला हातात घेतलं. त्याची बोटं माझ्या आत फुगवट्यात गेली, फडक्यातल्या चांदीला लागली. मग भुरीबाईकडे वळून म्हणाला, "भाभी, इतके साल मी चिंध्या भरत गेलो. मले वाटे, दादाचं माप चुकलं."

"दादाचं माप बरोबर होतं," भुरीबाई म्हणाली आणि खाली बसली.

आता मी भुरीबाईच्या घरात खुंटीवर असतो. वर्षा मला दर आठवड्याला खोबरेल लावून पुसते. माझी तुम्हाला विनंती आहे, मित्रांनो. घरातली जुनी वस्तू कधी हाती आली आणि ती कुणालाच बसत नसेल, तर तिचा गंज पुसा, पण तिचे फुगवटे ठोकून सपाट करू नका. आणि माप चुकलं असं म्हणण्याआधी, ते कुणाच्या डोक्याचं घेतलं होतं, एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जरूर विचारा. ते माणूस अजून समोर बसलेलं आहे तोवर विचारा.