तारेखालची झाडं

"पाखरं काय फूटपट्टी घेऊन बी पेरतात?" साहेबांनी विचारलं आणि ड्रायव्हरकाका फिस्सकन हसले. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता.

आम्ही उभे होतो त्या उतारावर लालमणीची झाडं सरळ रांगेत वर चढत गेली होती. लालमणी हे आमच्या संशोधन-कॅम्पातलं नाव. खरं शास्त्रीय नाव उच्चारताना जीभ अडखळते, आणि फळं खरोखर पोवळ्यासारखी लाल असतात. बाकीच्या जंगलात हे झाड इथे एक, तिथे एक असं विखुरलेलं. इथे मात्र कुणीतरी दोरी धरून लावल्यासारखं.

साहेब वनखात्याचे. वणव्यावर नजर ठेवायला कड्यावर एक मनोरा आहे, तिथपर्यंत त्यांना जीपचा रस्ता हवा होता, आणि सगळ्यात जवळचा मार्ग नेमका या रांगेतून जात होता. सरकारी जंगलात माणसानं लावलेली झाडं परवानगी घेऊन तोडता येतात. आपसूक उगवलेल्यांना हात लावता येत नाही. ही कुठली, हे आमच्या बाई ठरवणार होत्या. बाई म्हणजे माझ्या वरिष्ठ, तीस वर्षं डोंगरात काढलेल्या. आणि शोधून काढायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं होतं.

"शुक्रवारी येतो," साहेब म्हणाले. "मलाही काही झाडं तोडायची हौस नाही. पण मागच्या वणव्यात माझी माणसं पाण्याचे कॅन पाठीवर घेऊन चढली होती."

ते खरं होतं. आणि कडाक्याच्या थंडीत त्या अख्ख्या उतारावर पाखरांना खायला दुसरं फळ नसतं, हेही खरं होतं.

मी गिरमिट घेऊन कामाला लागले. हे पोकळ गिरमिट खोडात फिरवत नेलं की पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी बाहेर येते, तिच्यावरची वलयं मोजली की झाडाचं वय कळतं. झाडाला इजा होत नाही, आपल्या मनगटांना होते. लावलेली झाडं एका वयाची असायला हवीत. ही नव्हती. म्हाताऱ्या झाडाशेजारी तरणं, त्यापुढे जेमतेम गुडघ्याला येणारं. मी उड्या मारत बाईंकडे गेले.

बाईंनी कांड्या उजेडात धरून पाहिल्या. "छान. आता मी साहेब आहे असं समज. मी म्हणते, लावलेल्यांतली काही मेली, मग दर चार-दोन वर्षांनी कुणीतरी रिकाम्या जागी नवी लावून नांग्या भरल्या. काय म्हणशील?"

मी कांड्या परत पिशवीत भरायला लागले.

"रांग का, ते सांग," बाई म्हणाल्या. "तेवढं सांगितलंस तर मी डोळे मिटून सही करेन. नाही सांगितलंस तर डोळे उघडे ठेवून ‘लावलेली’च्या रकान्यात करेन."

संध्याकाळी आईचा फोन आला. "झाडं रांगेत का उभी आहेत, हे बघायला तुला पगार देतात?"

"हो."

"आमच्या वेळी शाळेत रांगा मास्तर फुकट बघायचे." मग तिनं जेवलीस का विचारलं, आणि मी जेवले नसताना हो म्हटल्याचं तिला नेहमीप्रमाणे कळलं.

मी जमीन तपासली. रांगेखालची माती आजूबाजूसारखीच. पाण्याचा ओहोळ नाही, जुनी पायवाट नाही, बांध नाही. एकेक शंका खोडत गेले आणि शेवटी हातात फक्त खोडलेल्या शंका उरल्या.

गुरुवारी सकाळी कॅम्पाच्या मागच्या दारी आरडाओरडा ऐकू आला. "कालच धुतला होता! कालच!" ड्रायव्हरकाका शर्ट नाचवत होते. पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर तांबडा, चिकट पाखरांचा प्रसाद पडला होता. "ताई, तुमच्या या लाडक्यांना दुसरी जागा सापडत नाही का? एवढं मोठं जंगल पडलंय, आणि यांना माझाच शर्ट!"

"काका, शर्ट इकडे द्या बरं."

"आता तो काय प्रयोगशाळेत नेणार?"

डागात लालमणीची बी होती. गर पचलेला, बी अख्खी. मी वर पाहिलं. कपडे वाळत घालायची तार खोलीच्या भिंतीपासून खांबापर्यंत ताणलेली होती आणि तिच्यावर दोन पाखरं खुशाल बसली होती. मग मी खाली पाहिलं. तारेखाली, गवतात, बोटाएवढी रोपं. एका रांगेत.

काका माझ्याकडे आणि जमिनीकडे आळीपाळीनं बघत राहिले. "आता का हसताय?"

"काका, पाखरांकडे फूटपट्टी आहे. आपणच दिली."

बाईंनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "उतारावर तार आहे?"

नव्हती. पण पूर्वी असली तर? मनोऱ्यापर्यंत पूर्वी टेलिफोनची तार गेली असेल, एवढा तर्क सोपा होता. पुरावा हवा होता. चहा गार होईपर्यंत मी विचार करत बसले. झाडं लावणारा माणूस आणि तार यांच्यात फरक काय? माणूस सोयीनं चालतो. मध्ये घळ आली तर वळसा घालतो. तारेला घळ दिसतच नाही, ती सरळ वरून जाते. म्हणजे माझं खरं असेल, तर रांग घळीच्या आतही असायला हवी, जिथे शहाणा माणूस पाय ठेवणार नाही.

घळ रांगेच्या टोकाशीच होती. आम्ही सगळे तिच्या काठापर्यंत जाऊन परत फिरत होतो, कारण आम्हीही माणसंच. बाईंनी माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक काकांनी एका जाड खोडाला आवळलं, आणि मी उतरले.

पहिल्या कपारीत लालमणी. तिच्याच रेषेत खालच्या कपारीत दुसरं. समोरच्या भिंतीवर, शेळीसुद्धा विचार करेल अशा जागी, तिसरं. तळाशी दगडांत चिनीमातीची एक पांढरी वाटी पडली होती, टेलिफोनच्या खांबावर तार अडकवायची तसली. आणि तळातल्या सगळ्यात जाड झाडाच्या खोडातून गंजकी तार एका बाजूनं आत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर आली होती. तार तुटून पडली असेल आणि झाड तिला पोटात घेऊन वाढलं असेल. पुढे पाखरं फळांसाठी याच झाडांवर येत राहिली असतील, म्हणून गुडघ्याएवढी रोपंही त्याच रांगेत.

"काय गं?" वरून बाई ओरडल्या. "बोल ना!"

मला दम लागला होता, आणि थोडा वेळ ते फक्त माझ्याजवळ ठेवावंसंही वाटत होतं.

शुक्रवारी साहेबांनी वाटी हातात फिरवून पाहिली. घळीच्या काठावर पोटावर झोपून त्यांनी कपारीतली झाडं पाहिली. उठून गुडघे झटकले.

"तार माणसानंच टाकली ना? मग निम्मी तरी माणसाची धरा."

"तुमच्या कौलांखाली चिमणीनं घरटं केलं, तर अंडी तुमची का?" बाईंनी विचारलं, आणि सही केली. आपसूक.

साहेब हरलेल्या माणसासारखे दिसले नाहीत, पण खूशही नव्हते. त्यांनी नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला आणि बराच वेळ बोट फिरवत राहिले. "रस्ता तर मला लागणारच. मग इकडून. लांब पडेल, पण घळही टळेल." बोट आमच्या कॅम्पाच्या मागच्या दारावरून गेलं.

"म्हणजे कपड्यांची तार काढावी लागणार?" काकांचा चेहरा उजळला.

मी रोपांचा विचार करत होते. बोटाएवढ्या रोपांसाठी कुठलाच नियम नव्हता. मी खुरपं आणून त्यांना मुळांच्या मातीसकट उचलायला लागले, खोलीच्या दुसऱ्या बाजूला लावायला. साहेब जीपमध्ये चढता चढता थांबले.

"लावताय?"

"हो."

"बघा हं," ते म्हणाले. "ही आता लावलेली ठरतील. तीस वर्षांनी माझ्यासारखा कुणीतरी येईल."

मी हातातल्या रोपाकडे पाहिलं. मग पहिल्या खड्ड्यापासून चार पावलं तिरकी गेले आणि दुसरा खड्डा मुद्दाम रांग सोडून खणला.