दहावी वाकडी

छकुलीनं आईबाबांना दोन दिवसांच्या सहलीला नेलं, ते काही प्रेमाचा उमाळा आला म्हणून नव्हे. दोन पाहुणे आयत्या वेळी गळले होते.

वय एकोणतीस, ऑफिसात हाताखाली दोन माणसं, तरी घरात ती अजून छकुलीच होती. ती एका सहलींच्या कंपनीत होती आणि तिच्या डोक्यातून एक योजना निघाली होती. शनिवार-रविवार एखादं शहर पाहायचं, पण हवापाणी न नासवता. आगगाडीनं यायचं, पायी हिंडायचं, तिथल्या माणसांनी तिथंच शिजवलेलं खायचं आणि ज्या दुकानाचा मालक स्वतः गल्ल्यावर उभा असतो, तिथंच खरेदी करायची. ही पहिली, चाचणीची सहल. सहा पाहुणे, सहा फॉर्म. फॉर्म चांगले आले तर साहेब योजना तिच्या हाती देणार होते. नाही आले तर छकुली पुन्हा तक्रारींच्या पत्रांना उत्तरं लिहायला मोकळी. चार वर्षं तिनं तेच केलं होतं आणि त्याला ती पुरती विटली होती.

"आई, तुम्ही दोघं फक्त छान छान म्हणा," तिनं गाडीत बसल्याबसल्या बजावलं. "आणि बाबांना आवर."

"मी अजून तोंडही उघडलं नाही," बाबा म्हणाले.

मग अर्थातच त्यांनी ते उघडलं. तीस वर्षं बस चालवून ते निवृत्त झाले होते. छकुलीनं सगळ्यांच्या छातीवर कापडाचं हिरवं पान टाचलं, तेव्हा हनुवटी खाली करून ते त्या पानाकडं बघत राहिले. "साठ-साठ माणसं एका इंजिनावर नेली, तेव्हा कुणी पान लावलं नाही. आता घरी रिकामा बसलोय तर लावतायत." समोरच्या बाकावर शाळेतून निवृत्त झालेल्या दोघी मैत्रिणी होत्या, त्या हसल्या. त्यांच्या पलीकडचं नवं जोडपं हसलं नाही, कारण त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. छकुलीनं मात्र आईकडं बघून डोळे वटारले.

आई खिडकीबाहेर बघत होती. तिला घरात आई म्हणत, पण कामावर सगळे डावरी म्हणत आणि तिलाही तेच नाव जास्त आपलं वाटे. गावाबाहेरच्या एका कारखान्यात ती सव्वीस वर्षं घड्या घालत होती. कपड्यांच्या नव्हे, खायच्या. पोळीत भाजी भरायची, अर्धी दुमडायची, कडेला मुरड घालायची. मग त्या गोठवून खोक्यांत भरायच्या आणि गाडीत चढवायच्या. पुढं त्या कुठं जातात हे कामगारांना कुणी सांगत नसे. खोक्यांवर नुसते आकडे.

मुरड यंत्रानंही घालता येते. पण यंत्राची मुरड एकसारखी दिसते आणि एकसारखं दिसलं की गिऱ्हाईकाला ते खरं वाटत नाही, म्हणून तेवढ्या कामाला माणसं ठेवली होती. डावरीची पंचाईत अशी की सव्वीस वर्षांत तिचा हात यंत्राहूनही एकसारखा झाला होता. सुपरवायझर वैतागायचा. "मावशी, जरा वेडंवाकडं करा हो! हातानं केल्यासारखं वाटलं पाहिजे." शेवटी त्यानं नियमच करून टाकला, दर दहावी घडी वाकडी. तेव्हापासून डावरी नऊ सरळ घालायची आणि दहावीची शेवटची चुणी मुद्दाम बाहेर सोडायची, उंदराच्या शेपटीसारखी. चांगलं काम केल्याबद्दल बोलणी खाल्लेली ती बहुधा एकटीच असेल.

उरलेल्या घड्या घरी येत. छकुलीच्या शाळेच्या डब्यात वर्षानुवर्षं त्याच. रविवारी घरी खातानाही ती आतली भाजी तेवढी खायची आणि कड ताटात ठेवून द्यायची. "फॅक्टरीचं आहे ते," असं तिला एकदा मैत्रिणीला सांगताना डावरीनं ऐकलं होतं. ते वाक्य तिच्या मनातून कधी गेलं नाही.

शहरात उतरल्यावर स्टेशनपासून पाऊण तास चालणं झालं. मग छकुलीनं सगळ्यांना एका गल्लीतल्या छोट्या खानावळीत नेलं. जुन्या लाकडाची टेबलं, भिंतीला काळी पाटी, पाटीवर खडूनं लिहिलेलं: रोज पहाटे, इथंच, हातानं. मालक दाढीवाला, तरुण. अंगात जाड कापडाचा एप्रन आणि त्यावर पिठाचे तीन डाग.

"ही आमची खासियत," म्हणत त्यानं ताटल्या मांडल्या. "आजीची रीत आहे. आजी गेली, पण हात मागे ठेवून गेली."

ताटलीत घडी होती. डावरीनं ती बघितली आणि ताटली जवळ ओढली. मुरड उजवीकडून डावीकडे गेली होती. कारखान्यात अशी मुरड घालणारं डावखुरं माणूस एकच होतं, आणि ते आता पान टाचून बसलं होतं.

बाबांनी एक घास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, ही तर आपल्या घरचीच..."

डावरीनं टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"बघा!" छकुली टाळी वाजवून म्हणाली. "बाबांना घरची चव आली! मला हेच हवं होतं." तिनं स्वतःची घडी मधोमध मोडली. "असं खाणं कारखान्यात होऊच शकत नाही. माणसाचा हात कळतो यात. आई, कळतो ना?"

"कळतो," डावरी म्हणाली.

नव्या जोडप्यातल्या मुलीच्या घडीला शेपूट निघालं. दाढीवाला लगेच पुढं झाला. "हीच तर खूण! दोन घड्या कधी सारख्या नसतात. यंत्राला हे जमेल?" मुलीनं शेपटाचे चार फोटो काढले. छकुलीचा चेहरा फुलला होता आणि डावरी मान खाली घालून खात होती. एवढी स्तुती तिच्या हाताची आजवर कुणी केली नव्हती, आणि ती ऐकायला मिळाली तीही मेलेल्या आजीच्या नावावर. आनंद मानावा की राग, हे तिचं तिलाच कळेना. तोंड उघडलं तर लेकीची योजना जाईल, एवढं मात्र तिला स्वच्छ कळत होतं.

दुपारी दुकानं. साबणाचं दुकान, लाकडी चमच्यांचं दुकान, जुन्या चादरींच्या पिशव्यांचं दुकान. प्रत्येक ठिकाणी मालक गल्ल्यावर उभा आणि प्रत्येकाला आपली गोष्ट पाठ. पिशव्यांच्या दुकानात डावरीच्या चपलेचा अंगठा तुटला. दिवसभराच्या चालण्याची ती देणगी होती. समोरच एका जिन्याखाली एक म्हातारा चपला शिवत बसला होता. डावरी लंगडत त्याच्याकडं गेली.

"आई, हे आपल्या यादीत नाही गं," छकुली मागून घड्याळ दाखवत म्हणाली.

"मग मी अनवाणी येते."

म्हाताऱ्यानं टाके घालताघालता डावरीच्या अंगठ्याकडं बघितलं. डाव्या अंगठ्याच्या कडेला पेराएवढा घट्टा पडला होता. "शिवणकाम करता?"

"नाही. मुरड घालते."

"तरीच," तो म्हणाला आणि दोरा दातानं तोडला. कसली मुरड, हे त्यानं विचारलं नाही. चाळीस वर्षं तो त्याच जिन्याखाली बसत होता. छकुलीच्या यादीत तो नसण्याचं कारण इतकंच की त्याच्या डोक्यावर पाटी नव्हती, नुसता एक दिवा लटकत होता आणि त्याला गोष्ट सांगता येत नव्हती.

रविवारी सकाळी त्याच खानावळीत 'घडी घालायला शिका' असा एक तास होता. हा तास म्हणजे सहलीचा कळस, असं छकुलीनं रात्रभर सगळ्यांना ऐकवलं होतं. दाढीवाल्याच्या एप्रनवर पिठाचे तीन डाग कालच्याच जागी होते. त्यानं भाजी भरली, डावीकडून उजवीकडे मुरड घालायला घेतली आणि चौथ्या चुणीला घडी तोंड वासून मोकळी झाली. "पीठ आज जरा रुसलंय," तो म्हणाला. सगळे हसले. मग सगळ्यांनी घालून बघितल्या. दोघी निवृत्त मैत्रिणींतल्या एका बाईंची जमली, बाबांची बसच्या टपासारखी फुगली.

डावरी हात मांडीवर ठेवून बसली होती.

"आई, तू पण घाल ना!" छकुली म्हणाली. "सगळ्यांनी घालायचीय. फॉर्ममध्ये प्रश्न आहे त्यावर."

डावरीनं वाईट घालायचं अगदी ठरवून पोळी हातात घेतली. पण एकदा पोळी तळव्यावर आली की पुढचं तिच्या हाती राहात नसे. अंगठा चालू लागला. एक, दोन, तीन. बाई "अगंबाई" म्हणाल्या. जोडप्यानं पहिल्यांदाच एकमेकांकडून नजर काढली. नऊ घड्या ओळीनं, साच्यातून काढल्यासारख्या. दहावी हातात आली आणि शेवटची चुणी आपोआप बाहेर राहिली.

डावरीचा हात तिथंच थांबला. दाढीवाल्यानं पंच्याला हात पुसले, पुन्हा पुसले आणि काचेच्या कपाटासमोर येऊन उभा राहिला. छकुलीनं त्याला बाजूला सारलं. कपाटातून शेपटाची एक भाजलेली घडी काढली आणि ती आईच्या दहाव्या घडीशेजारी ठेवली. दोन्ही उजवीकडून डावीकडे. दोन्हींचं शेपूट तेवढंच.

सगळे छकुलीकडं बघत होते. तिनं भाजलेली घडी परत कपाटात ठेवली.

"आई घरी खूप करते," ती म्हणाली. "चला, फॉर्म भरायला घेऊ."

परतीच्या गाडीत बाबा घोरायला लागले तशी छकुली आईशेजारी येऊन बसली. मांडीवर सहा फॉर्म. चार पाहुण्यांनी एकमुखानं लिहिलं होतं: सर्वांत अस्सल वाटली ती घडी. बाबांनी लिहिलं होतं: घडी उत्तम, सव्वीस वर्षं खातो आहे. डावरीनं लिहिलं होतं: जिन्याखालच्या दादांनी चप्पल चांगली शिवली.

"दहावीला शेपूट का असतं?" छकुलीनं हळूच विचारलं.

डावरीनं सांगितलं. छकुलीला हसू आलं. हसताहसता त्याचं रडू झालं आणि तिनं तोंड खिडकीकडं केलं. तिकडंच बघत ती म्हणाली, "शाळेत मी डबा टाकून द्यायचे. तुला माहीत होतं?"

"होतं. तुझा डबा फार स्वच्छ रिकामा व्हायचा."

"मग देत का राहिलीस?"

"एखाद दिवशी भूक लागली असती तर?"

छकुलीनं फॉर्म चुरगळायला घेतले. "ही खानावळ मी यादीतून काढते. साहेबांना सगळं खरं सांगते."

"आणि तक्रारींना उत्तरं लिहीत बसतेस पुन्हा," डावरी म्हणाली. "लोकांना आवडली ना? माणसाच्या हाताचीच आहे ना? राहू दे." तिनं फॉर्म लेकीच्या हातातून काढून घेतले आणि मांडीवर ठेवून सारखे केले.

महिन्याभरात योजना छकुलीच्या हाती आली. माहितीपत्रक छापून आलं, तेव्हा तिनं फोन केला. तिनं लिहिलं होतं, 'इथली घडी हाताची आहे. हात मात्र इथले नाहीत.' दुसरं वाक्य साहेबांनी काढून टाकलं होतं. लांबी वाढते म्हणून.

सहलींना गर्दी होऊ लागली. कारखान्यात एका आकड्याची मागणी दुपटीवर गेली. सुपरवायझर हात चोळत आला. "मावशी, गिऱ्हाइकांना ती शेपटाचीच पाहिजे म्हणे. फोटो काढतात तिचे. आता सगळ्याच वाकड्या करा. आणि हो, शनिवारीही यावं लागेल."

म्हणजे दुसऱ्यांनी शनिवार निवांत घालवावा म्हणून डावरीचा शनिवार गेला. छकुलीनं पुढच्या सहलीला बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "मला कुठली सवड? तुझे पाहुणे जेवायचेत ना." दोघीही हसल्या, पण फोन ठेवायची घाई कुणीच केली नाही.

सगळ्या घड्या वाकड्या घालायला लागल्यापासून डावरीचा हात संध्याकाळी दुखायचा. सरळ घालताना तो कधी दुखला नव्हता. एका शुक्रवारी त्या आकड्याचं खोकं भरताना तिनं इकडंतिकडं बघितलं आणि एक घडी सरळ घातली. अगदी सरळ, डब्यात द्यायची तशी. ती मधोमध ठेवली आणि झाकण लावलं.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला.

"आई, आज एक सरळ निघाली," छकुली म्हणाली. मागं खानावळीचा गलका ऐकू येत होता. "दाढीवाला पाहुण्यांची माफी मागत होता. म्हणाला, ही यंत्राची वाटते, बदलून देतो."

"मग?"

"मग मी घेतली."

डावरीनं डावा अंगठा उजव्या मुठीत धरला. "खाल्लीस?"

"खाल्ली."

"कडेसकट?"

"कडेसकट," छकुली म्हणाली.